पॅनेलवर नको, मेमरीत हवं: एकल कार्यक्रमासाठी अरेंजर कीबोर्ड बसवण्याचं एक प्रकरण

मध्यंतर वीस मिनिटांचं ठरलं होतं, ते पस्तीस मिनिटांवर गेलं. गायिका मंचावर परत आली तेव्हा कीबोर्डचा स्क्रीन काळा पडलेला. तिने बटण दाबलं, स्टाइल (कीबोर्डची तयार साथ) निवडली, टोन (वाद्याचा आवाज) निवडला. इंट्रो वाजला आणि पहिल्याच ओळीत गळा ताणायला लागला. दुसऱ्या ओळीला तिच्या लक्षात आलं की गाणं चार अर्धस्वर वर सुरू झालंय. त्या पट्टीत अंतरा गाणं शक्यच नव्हतं, त्यामुळे गाणं मध्येच थांबवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “दादा, कीबोर्ड बदलायची वेळ आलीय का?”

मी म्हटलं, आधी कालचं रेकॉर्डिंग पाठव. मग ठरवू.

आधी ती तिघांच्या संचात गायची आणि कीबोर्ड वाजवायची. ड्रम आणि बेसला माणसं होती. संच मोडल्यावर तिने अरेंजर कीबोर्ड घेतला, म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड धरला की ठेका, बेस आणि बाकी साथ आपोआप वाजवणारा, आणि एकटीने कार्यक्रम करायचं ठरवलं. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, माइक त्यातच लावायची सोय, दोन तासांचा कार्यक्रम, २८ गाणी. हात पियानोवर शिकलेला आणि गळा उत्तम. घरी सगळं छान वाजत होतं. हा तिचा एकटीचा पहिलाच कार्यक्रम.

काळ्या स्क्रीनचं कारण साधं निघालं. अनेक कीबोर्डांत आपोआप बंद होण्याची सोय असते आणि कारखान्यातून येताना ती बऱ्याचदा ३० मिनिटांवर लावलेली असते. तेवढा वेळ कोणी हात लावला नाही की कीबोर्ड स्वतःला बंद करतो. मेनूत जाऊन ती सोय काढून टाकणं हे दहा सेकंदांचं काम, आणि ते आम्ही सगळ्यात आधी केलं. पण गाणं बिघडलं त्यामागचं कारण वेगळं होतं. ती सगळी गाणी पांढरी एकच्या (सी) बोटांनी वाजवते आणि बहुतेक गाते काळी चारमध्ये (जी शार्प), म्हणजे ट्रान्सपोज (बोटं तीच ठेवून पट्टी वर-खाली करणारी सोय) उणे ४, चार अर्धस्वर खाली. हे उणे ४ तिने कार्यक्रमाच्या सुरुवातीला हाताने लावलं होतं, ते कशातही साठवलेलं नव्हतं. कीबोर्ड बंद होऊन परत चालू झाला आणि ट्रान्सपोज शून्यावर आला. कीबोर्डने काहीच चूक केली नव्हती. त्याला जे कधी सांगितलंच नव्हतं, ते तो विसरला होता.

मग मी कागद घेऊन ते दोन तासांचं रेकॉर्डिंग ऐकलं. गाणं आणि वादन सोडून जे जे ऐकू येईल, तेवढंच लिहायचं असं ठरवलं होतं. दोन गाण्यांमधली शांतता कुठे पंचवीस सेकंदांची, कुठे जवळजवळ मिनिटभराची. त्या वेळात ती स्टाइल शोधत होती, टेम्पो लावत होती, उजव्या हाताचा टोन बदलत होती आणि ते करता करता श्रोत्यांशी दोन वाक्यं बोलत होती. ती वाक्यं अर्धवट तुटत होती, कारण लक्ष स्क्रीनवर होतं. सातव्या गाण्याचा ठेका एकदम अंगावर आला. अकराव्यात बासरीचा तुकडा ऐकूच आला नाही. सगळ्याच गाण्यांत बेस फुगलेला. दोन ठिकाणी कॉर्ड चुकीचा लागला, आणि ते नवलाचं होतं, कारण तिचा हात सहसा चुकत नाही.

कीबोर्ड बदलायचं कारण त्या कागदावर कुठेच नव्हतं. प्रत्येक गाण्याला लागणाऱ्या पाच-सहा गोष्टी तिच्या डोक्यात होत्या आणि दर वेळी बोटांनी पॅनेलवर लावल्या जात होत्या, एवढंच दिसत होतं. बँडमध्ये हे चालून जातं, कारण ती टोन शोधत असताना ड्रमवाला ठेका धरून ठेवतो. एकट्या कलाकाराच्या मागे तसं कोणी नसतं.

डावा हात

कॉर्डच्या चुकांपासून सुरुवात केली, कारण डावा हात भरवशाचा नसेल तर बाकीच्या मांडणीला अर्थ नाही.

तिच्या कीबोर्डवर कॉर्ड ओळखण्याची पद्धत ‘मल्टी फिंगर’वर होती. नवशिक्यांसाठी ही सोयीची आहे. एक बोट ठेवलं की मेजर, त्या सुराच्या डावीकडची जवळची काळी पट्टी सोबत दाबली की मायनर, जवळची पांढरी दाबली की सेव्हन्थ. शिवाय पूर्ण कॉर्ड धरला तरी ओळखतो. पण पियानोवर शिकलेल्या हाताला हीच पद्धत अडचणीची ठरते. असा हात कॉर्ड सोडताना एकेक बोट उचलतो, दोन कॉर्डांच्या मध्ये एखादा सूर घसरवतो. कीबोर्ड त्या क्षणाला दोन जवळच्या पट्ट्या बघतो आणि भलताच कॉर्ड लावतो. रेकॉर्डिंगमधल्या दोन चुकांपैकी एक हीच होती.

आम्ही पद्धत बदलून ‘फिंगर्ड ऑन बेस’ ठेवली. यात पूर्ण कॉर्ड धरावाच लागतो आणि सगळ्यात खालचा सूर बेस वाजवतो. म्हणजे सी मेजर धरताना खाली ई ठेवला तर बेसवाला ई वाजवतो. तिच्या गाण्यांत बेस पायरीपायरीने उतरणाऱ्या बऱ्याच जागा होत्या. आधी तिथे बेस मूळ सुरावरच आपटत होता, आता तो उतरायला लागला. एका संध्याकाळच्या कामात गाणी इतकी बदललेली मी क्वचितच ऐकली आहेत. या पद्धतीत कॉर्ड उलटा धरण्याची सवय मात्र सांभाळावी लागते. नकळत पाचवा सूर खाली गेला तर बेसही तिकडे जातो. सुरुवातीचे तीन दिवस तिला याचा त्रास झाला.

दुसरी चूक शोधायला वेळ लागला. एका गाण्यात ती डाव्या हाताने फक्त षड्ज आणि पंचम धरत होती, पियानोवर भरीव वाटतं म्हणून. कीबोर्डने तो मेजरही नाही आणि मायनरही नाही असा पोकळ कॉर्ड ओळखला, आणि सगळी साथ गंधाराशिवाय वाजली. बोट वाढवल्यावर प्रश्न मिटला.

कॉर्ड कधी दाबायचा यावरही आम्ही बराच वेळ घालवला. समेवर नेमका किंवा किंचित उशिरा कॉर्ड दाबला की बेस आधी जुना सूर वाजवतो आणि लगेच नव्यावर उडी मारतो. ऐकणाऱ्याला ती अडखळ कळते, फक्त नाव देता येत नाही. कॉर्ड समेच्या केसभर आधी बसायला हवा. फार आधी बसला तर मागच्या मात्रेचा शेवटचा सूर बदलतो. हे समजावून सांगून येत नाही. तिने मेट्रोनोमसारखा नुसता ठेका लावून, उजवा हात मांडीवर ठेवून, आठवडाभर रोज पंधरा मिनिटं फक्त कॉर्ड बदलले.

आणि तिला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट: तिच्या कीबोर्डवर कॉर्डच्या भागात शेजारशेजारच्या तीन पट्ट्या, काळी-पांढरी सगळी धरून, एकत्र दाबल्या की बेस आणि बाकी साथ गप्प होते, ठेका तेवढा चालू राहतो. अंतऱ्याच्या आधी चार मात्रा नुसता ठेका सोडायचा असेल तर बटण शोधायला नको, हात जागेवरच असतो.

स्प्लिट, म्हणजे डाव्या हाताचा कॉर्डचा भाग जिथे संपतो ती पट्टी, कुठे ठेवायचा हा प्रश्न लवकर सुटला. तिच्या कीबोर्डवर तो खालून दुसऱ्या सप्तकातल्या एफ शार्पवर होता, म्हणजे डाव्या हाताला १९ पट्ट्या, उजव्याला ४२. तो तसाच ठेवला. काही गाण्यांपुरता तो हलवून बघितला, पण प्रत्येक गाण्याला स्प्लिट वेगळा असेल तर हाताला जागेची सवयच लागत नाही.

एक गाणं, चार बटणं

आता मुख्य काम. एका गाण्याची सगळी मांडणी एका बटणाखाली साठवायची. ही सोय जवळजवळ प्रत्येक अरेंजरमध्ये असते, नावं वेगळी. यामाहात तिला रजिस्ट्रेशन मेमरी म्हणतात, कॉर्गमध्ये हेच काम साँगबुकमधून होतं. स्टाइल, तिचा कोणता भाग, टेम्पो, उजव्या हाताचे टोन, डाव्याचा टोन, ट्रान्सपोज, माइकचा इफेक्ट, आवाजाचे आकडे, सगळं एका ठिकाणी राहतं.

तिची पहिली कल्पना होती की प्रत्येक गाण्याला एक बटण पुरे. मग लक्षात आलं की गाण्याच्या आतही टोन बदलतो. मुखड्याला पियानो, मधल्या म्युझिकला बासरी, अंतऱ्यामागे स्ट्रिंग्ज. आम्ही एका गाण्याला एक बँक (अशा बटणांचा एक संच) दिली आणि त्यातली चारच बटणं वापरायची ठरवली. पहिलं बटण सुरुवात आणि मुखडा, दुसरं म्युझिक, तिसरं अंतरा, चौथं शेवट. बँकेत जास्त जागा होत्या, त्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. सगळ्या गाण्यांना हा एकच क्रम ठेवला, अगदी ज्या गाण्यात म्युझिक आणि अंतरा यांचा टोन सारखाच आहे तिथेही. त्यामुळे मंचावर डोळे गाण्याच्या कागदावर असले तरी बोटाला जागा माहीत असते.

इथे एक मोठा खड्डा होता आणि आम्ही त्यात पडलोच. सरावात ती एक गाणं थोडं संथ करून गायला लागली, टेम्पो दोनेक अंकांनी खाली घेतला, मुखडा सुंदर झाला. म्युझिकसाठी दुसरं बटण दाबलं आणि ठेका झटकन मूळ वेगावर गेला. कारण दुसऱ्या बटणातही टेम्पो साठवलेला होता. यावर उपाय असा की पहिल्या बटणात सगळं साठवायचं, आणि पुढच्या तिन्हींत साठवतानाच टेम्पो, ट्रान्सपोज आणि स्टाइल यांच्या खुणा काढून टाकायच्या, फक्त उजव्या हाताचे टोन आणि आवाज ठेवायचे. काही कीबोर्डांवर याऐवजी ‘फ्रीझ’ किंवा ‘लॉक’ अशी सोय असते, ती चालू असेपर्यंत ठरवलेल्या गोष्टी बटणाने बदलत नाहीत. पण फ्रीझ चालू आहे की बंद हे लक्षात ठेवावं लागतं आणि नव्या गाण्यावर जाताना तो काढावा लागतो. मला साठवतानाच वगळणं जास्त सुरक्षित वाटतं.

ट्रान्सपोज २८ गाण्यांच्या पहिल्या बटणात एकेक करून घातला. बहुतेक गाणी काळी चार, म्हणजे उणे ४. सहा गाणी काळी पाच, म्हणजे उणे २. प्रत्येक गाण्याच्या नावातच पट्टी लिहिली, म्हणजे बँक उघडताच नजरेला पडते. कार्यक्रमाच्या दिवशी गळा बसलेला असेल तर काय, हा तिचा प्रश्न रास्त होता. त्यासाठी पॅनेलवरची ट्रान्सपोजची बटणं आहेतच. पहिलं बटण दाबल्यानंतर एक अर्धस्वर खाली घ्यायचं. पुढच्या बटणांत ट्रान्सपोज नसल्याने गाणं संपेपर्यंत ते टिकतं.

स्टाइल छाटणं

स्टाइल बनवणारे ती विकण्याजोगी भरगच्च बनवतात. दोन ताल, बेस, दोन कॉर्ड, पॅड (मागे लांब धरलेले सूर), दोन फ्रेज (सजावटीचे सुरांचे तुकडे) असे आठ भाग एकाच वेळी वाजत असतात. दुकानात ऐकताना मजा येते. पण गायकाच्या मागे त्यातले दोन-तीन भाग त्याच्या आवाजाच्याच जागेत बसतात. ती गात असताना मी प्रत्येक स्टाइलचे भाग एकेक बंद करून ऐकले, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दोन्ही फ्रेज काढल्यावर शब्द स्पष्ट झाले. फ्रेज फक्त म्युझिकच्या वेळी परत यावेत म्हणून ते दुसऱ्या बटणात चालू ठेवायचे, असं करून बघितलं. पण त्यासाठी त्या बटणात स्टाइलची मांडणी साठवावी लागते, आणि मग टेम्पोची भानगड पुन्हा दारात. शेवटी ठरवलं की मेन ए आणि बी (मेन म्हणजे एकाच स्टाइलचे बटणाने बदलता येणारे प्रकार) यांत फ्रेज काढून टाकायचे, सी मध्ये ठेवायचे, आणि ही बदललेली स्टाइल वेगळ्या नावाने साठवायची. म्युझिकला ती सी दाबते.

इंट्रोचा प्रश्न वेगळा. तयार इंट्रो आठ-आठ मात्रांचे, स्वतःचीच सुरावट घेऊन येणारे. श्रोत्यांना गाणं ओळखू येतं ते त्याच्या मूळ सुरुवातीने, कीबोर्डच्या नव्हे. २८ पैकी १९ गाण्यांत आम्ही इंट्रो काढून टाकला. तिथे ती सिंक्रो स्टार्ट (कॉर्ड पडेपर्यंत ठेका थांबवून ठेवणारी सोय) लावून उजव्या हाताने मूळ सुरावट वाजवते आणि डाव्या हाताचा पहिला कॉर्ड पडला की ठेका सुरू होतो.

भाग बदलण्याचं गणितही तिला नव्याने शिकावं लागलं. भाग पुढच्या मात्राचक्राच्या सुरुवातीला बदलतो, म्हणून बटण आधीच दाबायचं. फिल (भाग बदलताना वाजणारा ठेक्याचा छोटा तुकडा) चालू असेल तर तो लगेच त्याच चक्रात वाजतो. पण चक्राच्या अगदी शेवटच्या अर्ध्या मात्रेत दाबलं तर तिच्या कीबोर्डवर फिल पुढच्या चक्रात जातो, आणि मुखडा एका चक्राने मागे पडतो. तिने तिसऱ्या मात्रेवर दाबायची सवय लावून घेतली.

आवाजाची पातळी

याला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जाणारच होता.

घरी तिने सगळे टोन हेडफोनवर जमवले होते, हळू आवाजात. कान हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं आणि तेव्हापासून ध्वनीचं काम करणारा प्रत्येक जण त्याचा हिशेब धरतो. हळू आवाजात जो बेस पुरेसा वाटतो, तोच सभागृहात मोठ्या स्पीकरवर फुगलेला वाटतो, कारण आवाज वाढला की कानाला खालचे सूर प्रमाणापेक्षा जास्त मिळायला लागतात. तिच्या बेसचं गुपित हे होतं. कुठल्याच स्पीकरचा दोष नव्हता.

म्हणून आम्ही एका दुपारी रिकाम्या सभागृहात, कार्यक्रमाच्याच आवाजात, सगळं पुन्हा केलं. एकट्याने हे करायचं तर अडचण अशी की वाजवणारा स्पीकरच्या मागे असतो आणि ऐकणाऱ्याला पुढे बसायला हवं. यावर युक्ती आहे. कीबोर्डच्या मिडी रेकॉर्डरवर स्वतःचं वादन रेकॉर्ड करायचं आणि मग ते वाजवायला लावून सभागृहाच्या मध्यात जाऊन बसायचं. ते साठवलेला आवाज वाजवत नाही, कीबोर्ड तेच टोन नव्याने वाजवतो, त्यामुळे ऐकू येतं ते खरंखुरं. तिने पहिल्यांदा स्वतःला सातव्या रांगेतून ऐकलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, मी किती वाजवते!” त्यानंतर उजव्या हाताचं बरंच काम तिने आपणहून कमी केलं.

पातळी जुळवायला एक गाणं मापाचं धरलं. मध्यम वेगाचं, भरीव, पण फार गजर नसलेलं. त्याचा स्टाइलचा आवाज, उजव्या हाताचा आणि माइकचा आवाज नीट बसवला आणि मग उरलेली २७ गाणी त्याच्याशी ताडून बघितली. मापाच्या गाण्याच्या चार ओळी, लगेच दुसऱ्याच्या चार ओळी, मग आकडा हलवायचा. हा आकडा मिडीच्या मोजणीत ० ते १२७ असतो. स्टाइल बऱ्याचदा १०० वर मिळते, आणि तिच्या गाण्यांत ती ७० ते ८५ च्या आसपास स्थिरावली. अंगावर येणारं सातवं गाणं ६२ पर्यंत खाली आलं. बासरी उलट वर न्यावी लागली, कारण बासरीला मागून आधार नसतो आणि सभागृहात तिची धार विरते. सगळ्या गाण्यांत बेसचा भाग वेगळा खाली घेतला, मास्टर इक्वलायझरने नव्हे. इक्वलायझरने खालचा पट्टा कापला असता तर तिच्या पियानोचा डावा भाग आणि किक ड्रम दोन्ही सोबत गेले असते.

मुख्य आवाजाचा नॉब तीन चतुर्थांशावर ठेवला आणि त्यावर खूण केली. एकदा पातळी बसली की सभागृहाचा हिशेब मिक्सरवर होतो. कीबोर्डवरचा हा नॉब कार्यक्रमात फिरवला तर माइक आणि साथ यांचं नातं टिकतं, पण स्टाइलचा आवाज हाताने हलवला तर पुढच्या बटणाला तो उडी मारून परत येतो.

याच दुपारी अजून एक गोष्ट सापडली. पहिल्या कार्यक्रमाला कीबोर्डच्या मागच्या दोन जॅकांपैकी फक्त उजवा मिक्सरला जोडलेला होता. बहुतेक कीबोर्डांवर डाव्या जॅकवर मोनो असं लिहिलेलं असतं. फक्त तो जोडला तर दोन्ही बाजू एकत्र होऊन येतात, फक्त उजवा जोडला तर निम्माच आवाज जातो. डावीकडे ठेवलेली गिटार आणि पियानोचे खालचे सूर त्या दिवशी सभागृहात पोचलेच नव्हते. आता तिच्या केबलच्या पेटीत झाकणावर लिहिलेलं आहे: एकच वायर असेल तर डावा जॅक. आणि एका वायरवर वाजवायचं असेल तर कोरस (आवाज रुंद करणारा इफेक्ट) लावलेले इलेक्ट्रिक पियानो आणि रुंद स्ट्रिंग्ज आधी मोनोत ऐकून घ्यायच्या. दोन बाजू एकत्र झाल्यावर त्यातल्या काही टोनांचं पोटच जातं.

वायरीतून भुणभुण येत असेल तर कीबोर्ड आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स (सिग्नल जुळवून देणारी छोटी पेटी) घालून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघावं. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. गाणारी व्यक्ती लोखंडी जाळीच्या माइकला ओठ लावून उभी असते.

माइक आणि पाय

माइकचा इफेक्ट गाण्यासोबत साठवला, पण बोलताना रिव्हर्ब नको. यासाठी कीबोर्डवर ‘टॉक’चं बटण असतं, एका स्पर्शात इफेक्ट जातो. पहिल्या कार्यक्रमात ती दोन तास घुमणाऱ्या आवाजात निवेदन करत होती.

हार्मनीची सोय, म्हणजे तिच्याच आवाजाला कॉर्डप्रमाणे जोडीचे सूर लावणारी, तिला मोहात पाडत होती. ती फक्त तीन गाण्यांच्या मुखड्याला ठेवली. ती डाव्या हाताच्या कॉर्डवर चालते, त्यामुळे कॉर्डची जरा जरी चूक झाली तरी ती गळ्यातून ऐकू येते.

पायाखाली दोन पेडल. उजवा सस्टेन, म्हणजे सूर लांबवणारा. डाव्या पेडलला ‘पुढचं रजिस्ट्रेशन’ हे काम दिलं: दाबलं की त्या गाण्याच्या बँकेत एक, दोन, तीन, चार असं पुढे सरकतं. यामुळे म्युझिकला जाताना उजवा हात पट्ट्यांवरून उचलावा लागत नाही. काही कीबोर्ड चालू होताना पेडलची दिशा ओळखतात. त्या क्षणी पाय पेडलवर असेल तर सगळं उलटं होतं, सोडल्यावर सूर लांबतात आणि दाबल्यावर तुटतात. चालू करताना पाय मागे, हे तिने पाठ केलं.

शब्दांचा टॅबलेट ब्लूटूथने कीबोर्डला जोडून त्यातूनच काही ट्रॅक वाजवायचे, असं तिच्या मनात होतं. मी नको म्हटलं. ब्लूटूथचा आवाज उशिरा पोचतो, आणि तो उशीर ठेक्यात कळतो.

फायली

सगळं पेनड्राइव्हवर ठेवलं होतं. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी तिने फोल्डर नीटनेटके केले, नावं बदलली, आणि संध्याकाळी नऊ गाण्यांनी स्टाइल उघडायला नकार दिला. रजिस्ट्रेशनमध्ये तुमच्या स्वतःच्या स्टाइलचा फक्त पत्ता साठवलेला असतो, कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने. फोल्डरचं नाव बदललं की पत्ता चुकतो. सुदैवाने जुनी नावं वहीत होती, ती परत दिली आणि गाणी सापडली. त्यानंतर सगळ्या स्टाइल कीबोर्डच्या आतल्या मेमरीत हलवल्या, २८ बँका नव्याने साठवल्या आणि पूर्ण बॅकअप दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतला. त्यातला एक तिच्या पर्समध्ये असतो, कीबोर्डच्या बॅगेत नाही.

दुसरा कार्यक्रम

सात आठवड्यांनी झाला. मी मिक्सरजवळ उभा होतो. गाणी एकामागून एक लागत गेली, बोलणं सरळ श्रोत्यांकडे बघून होत होतं. मध्यंतरानंतर दोन गाण्यांनी वीज एक क्षण गेली आणि आली. दिवे नुसते लुकलुकले, पण कीबोर्ड पुन्हा सुरुवातीपासून चालू व्हायला लागला. ती माइकपासून जरा मागे सरली आणि ते कडवं साथीशिवाय गायली. स्क्रीन आला, तिने बँक उघडली, तिसरं बटण दाबलं. अंतऱ्याचा टोन आला, पण स्टाइल आणि पट्टी आली नाही, कारण ती फक्त पहिल्या बटणात होती. तिला अर्ध्या सेकंदात कळलं. पहिलं दाबलं, मग तिसरं, डावा हात ठेवला. काळी चार. गाणं तिथूनच पुढे गेलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोन गोष्टी केल्या. विजेच्या एका क्षणाच्या झटक्याला पुरेल असा छोटा यूपीएस कीबोर्डच्या पायाशी बसवला. आणि प्रत्येक बँकेतल्या पाचव्या, आतापर्यंत रिकाम्या ठेवलेल्या बटणात अंतऱ्याची मांडणी पूर्ण साठवली, स्टाइल, टेम्पो, पट्टी सगळ्यासकट. डाव्या पेडलच्या क्रमातून ते बटण वगळलं आहे. ते फक्त हाताने दाबायचं.

तिसरा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. त्यातल्या चार गाण्यांमधून तिने स्टाइल पूर्ण काढून टाकायला सांगितली आहे. ती गाणी ती फक्त पियानोवर गाणार आहे, आणि त्यांच्यासाठी स्प्लिट बंद केलेलं एकच बटण आम्ही काल साठवलं.